आईला एकटेपण मानवलं

वडिलांची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती दिवे लागायची वेळ झाली तरी उठेना. मी दोनदा जाऊन तिच्या नाकाशी बोटं धरून पाहिली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "झोपू दे वो तिले. आठ वर्साची झोप आहे ते."

आठ वर्षं वडिलांना दमा होता. पुलगावच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात ते मुनीम होते. दमा वाढला तसं दुकान सुटलं आणि खाट धरली. माणूस गरीब स्वभावाचा. आईला कधी वर आवाज करून बोलले नाहीत. पण त्यांना आडवं होता येत नसे. उशांना टेकून बसावं लागे, आणि उशा सरकल्या की आई त्यांच्या पाठीला पाठ लावून बसे. तशीच बसल्या बसल्या डुलकी घेई. त्याआधीही तिचं जेवण म्हणजे आमची ताटं उचलताना चुलीपाशी उभ्या उभ्या खाल्लेली शिळी भाकर. तिला बसून जेवताना मी लहानपणी पाहिल्याचं मला आठवत नाही. ती दमते असंही आम्हाला कधी वाटलं नाही. आयांचं तसंच असतं, अशी आमची समजूत.

मी तेव्हा वर्ध्याला शाळेत मास्तरीण होते. भाड्याच्या दोन खोल्या, मोठी मुलगी तीन वर्षांची, धाकटा अजून रांगतही नव्हता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मुलांना सांभाळायला गल्लीतली एक बाई येई, पण तिचा नेम नसे. कधी तिच्या घरी पाहुणे, कधी तिच्याच मुलाला ताप. ती आली नाही की माझी रजा जाई आणि हेडमास्तरांची बोलणी खावी लागत. त्यामुळे वडील गेल्यावर मी जी म्हणू लागले, "आईला एकटं कसं ठेवायचं? तिला आता वर्ध्यालाच आणायची," त्यात माझी स्वतःची नड किती होती ते मला ठाऊक होतं. पण ऐकणाऱ्यांना ते छान वाटे. ह्यांच्या नात्यातल्या बायका म्हणाल्या, लेक असावी तर अशी. मी ते कौतुक मुकाट्याने घेतलं.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सध्या नाई. पाहू."

"काय पाहायचं आहे? इथं काय आहे तुझं?"

"घर आहे," ती म्हणाली. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर. वडिलांनी बांधलेलं, स्वतःचं. मी रविवारी येत जाईन असं सांगून परतले.

पहिले काही रविवार मी दुपारच्या गाडीने गेले. एकदा सकाळच्या पहिल्या पॅसेंजरने गेले तर घराला कुलूप. इतक्या सकाळी बाई जाईल कुठे? काकू त्यांच्या अंगणात सडा टाकत होत्या. म्हणाल्या, "नदीकडे गेली. रोजच जाते आता." म्हणताना त्यांनी पदर तोंडाशी नेला. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

मी ओट्यावर बसून राहिले. ऊन वर आलं तेव्हा रेल्वे फाटकाच्या बाजूने आई येताना दिसली. काठाचं फिकट लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेत पोरं कवायतीला घालतात तसले, नाडीचे. नऊवारी लुगड्याखाली ते बूट असे काही दिसत होते की मी उठून तिच्यासमोर जायच्याऐवजी भिंतीच्या आड जाऊन उभी राहिले. रस्त्यावरचं कोणी बघत असेल म्हणून.

"आली कवा तू?" तिने बूट काढून उन्हात ठेवले. चेहरा घामाने चकचकत होता. "सांगून आली असती त मी लवकर वापस आलो असतो." आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात.

"हे काय आहे आई? बूट?"

"मंग? चपलीनं पाय दुखे. भेगाबी पडल्यात. बाजारातल्या दुकानात गेलो, त्याले म्हटलं, मले चालाले पायजे. त्यानं हे देल्ले."

"लोक काय म्हणतील?"

"म्हनतेत ना. हासतेत." तिने पाय धुतले, पुसले, बोटांच्या मधली जागासुद्धा कपड्याने कोरडी केली. मग वाटीतलं कोमट तेल घेऊन गुडघ्यांना आणि तळव्यांना चोळत बसली. इतका वेळ ती स्वतःच्या पायांकडे बघतेय हे दृश्यच मला नवं होतं. "तुह्या बाबापाशी बसून मी खिडकीतून पाहो. ते मिलिटरीच्या डेपोतले जवान येवढ्या सकाळी पयत जाये. मले वाटे, हे लोक कामाशिवाय काऊन पयते? आता समजलं."

त्या दिवशी मी घर नीट पाहिलं. वरच्या फळीवरचे डबे खाली आले होते, म्हणजे आता पाटावर चढून हात वर करायला नको. मोठा हंडा माळ्यावर गेला होता, त्याच्याऐवजी दोन लहान कळश्या होत्या. न्हाणीच्या निसरड्या पायरीपाशी खुंटीला जाड दोर बांधला होता, धरून उतरायला. हे सगळं तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. काकूंशी तिने ठरवून ठेवलं होतं की सकाळी उठल्यावर ती पुढच्या दाराची कडी वाजवेल. उजाडल्यावरही कडी वाजली नाही तर काकूंनी मागच्या दाराने आत यायचं.

"म्हंजे पडलो झडलो त कोनाले त समजलं पायजे," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, भाजी किती आणायची ते सांगावं तसं.

मग आम्ही जेवायला बसलो. आम्ही म्हणजे तीही. तिने दोन पाट मांडले. गरम भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. तिने आपल्या वरणावर तूप घेतलं. सावकाश चावून जेवली, मध्ये उठली नाही. मला ते आवडायला हवं होतं. पण माझी नजर सारखी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे जात होती, आणि मनात काहीतरी टोचत होतं.

पुढच्या रविवारांत ते टोचणं वाढत गेलं. तिचे गाल भरले. डोळ्यांखालचं काळं गेलं. दुपारी ती आडवी पडे आणि मी आले तरी म्हणे, "बस तू, मले घंटाभर पडू दे." तेल लावून केस विंचरी. नखं अंगणातल्या उजेडात बसून कापी. संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर गप्पा चालत आणि त्यात तिचं हसणं मला आतपर्यंत ऐकू येई. ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी तिकडे वर्ध्यात धावत असे, सकाळी पाच वाजल्यापासून धावत असे. मुलाला पाजून, दोघांना बाईवर सोपवून, ओल्या केसांनी शाळा गाठून. आणि इथे माझी आई दुपारची झोप काढतेय. हे मनात आलं की लगेच स्वतःची लाज वाटे. लाज वाटली की राग येई. तो कोणावर हेही कळत नसे.

काकूंनी एकदा मला फाटकापर्यंत सोडताना विचारलं, "तुही माय पोरीवानी बूट घालून फिरते, तुले चालते?" मी म्हटलं, "मी सांगते तिला." म्हणजे मी आईची बाजू घेतली नाही. घेता आली असती.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मुलं सांभाळणाऱ्या बाईने सांगून टाकलं की आता तिला जमणार नाही. मी मुलांना ह्यांच्याजवळ ठेवून एकटीच पुलगावला गेले. दुपारची वेळ होती. आई सुपात डाळ घेऊन निवडत बसली होती. मी पाणीही न पिता सुरू केलं.

"आई, आता पुरे झालं. तुला यायलाच पाहिजे."

"काय झालं?"

"काही नाही झालं. तू इथं एकटी राहतेस, मला झोप लागत नाही. उद्या काही झालं तर लोक मला म्हणतील."

"मले काय होते? चांगली आहो मी."

"तेच तर. चांगली आहेस तर तिथं चांगली राहा. पोरांनाही आजी मिळेल."

ती डाळ निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "खरं सांग. तुले माय पायजे का पोरं पाहाले बाई पायजे?"

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "दोन्ही पाहिजे. त्यात वाईट काय आहे? साऱ्या जगाच्या आया करतात."

"करतेत," ती म्हणाली. "मीबी केलं. तुले वाढवलं, तुह्या आज्याचं केलं, बाबाचं केलं. आता मले थोडं माहं करू दे. पोरं आजारी पडली त येईन. पन रोजचं नाई होनार माह्यानं."

आणि मी म्हणाले, "बाबा गेले ते तुला बरंच मानवलं."

सुपातला तिचा हात थांबला. बाहेर आर्वीची छोटी गाडी शिट्टी देत होती. ती म्हणाली, "तुही गाडीची वेळ झाली." मी पिशवी उचलून निघाले. नेहमी ती फाटकापर्यंत यायची, त्या दिवशी उठली नाही. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. पण ते रडणं स्वतःच्याच कीवेचं होतं. तिचं कसं होत असेल हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

मग मी गेलेच नाही. शाळा सुरू झाली होती, पाऊस होता, मुलीला खोकला होता, कारणांना तोटा नव्हता. मुलांसाठी दुसरी बाई मिळाली, सेलूकडची, विधवा, वर्ध्याला भावाकडे राहणारी. वेळेवर येई, मुलांना जीव लावी. पंधरा दिवसांतच माझं घर सुरळीत चाललं. आईने यायची गरजच उरली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जे इतक्या सहज सुटणारं होतं त्यासाठी मी आईला काय बोलून आले होते. तरी मी गेले नाही. आता तोंड कसं दाखवू, असं वाटे. दर रविवारी वाटे, पुढच्या रविवारी जाऊ. हे विचारायचे, "पुलगावला नाही जायचं का?" मी म्हणायची, "कपडे धुवायचे पडलेत."

पोळा झाला. काकू त्यांच्या भाचीच्या घरी वर्ध्याला आल्या होत्या, त्या माझ्याकडे डोकावल्या. चहा घेतला, मुलांचे लाड केले, आणि जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुही माय फिराले जात नाई आता."

"का? बरं नाही का?"

"बरी आहे. पन जात नाई. बूट ठेवून देल्ले वर. जेवतबी नाई बराबर, दिसते ना. मी विचारलं त म्हने, आता नको वाटते." काकू जरा घुटमळल्या. "मी हासो तिले, बूट घालते म्हनून. माह्यामुळं त नसन ना वो?"

"तुमच्यामुळे नाही काकू," मी म्हटलं. एवढं एकच मी खरं बोलले.

त्या रविवारी सकाळच्या गाडीने गेले. घर उघडं होतं. आई खिडकीपाशी, जिथे वडिलांची खाट असायची तिथे, जमिनीवर बसली होती. मला पाहून लगबगीने उठली, जणू मधले महिने गेलेच नव्हते. "आली? बस. चहा मांडतो." गाल परत खाली गेले होते. उठताना तिने गुडघ्यावर हात ठेवला. चुलीपाशी कालची भाकर कपड्याखाली होती. तिने माझ्यासाठी ताजी थापायला घेतली, एकच पाट मांडला आणि मला वाढायला लागली.

"तू बैस ना," मी म्हटलं.

"मी नंतर जेवतो. तू जेव."

"आई, बैस."

"भूक नाई आता."

मी ताट सरकवलं. म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले, ते—" आणि पुढचं वाक्य मला येईना. आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागत नसे. ती भाषाच आम्हाला नव्हती.

तिनेच बोलायला सुरुवात केली. तव्यावरची भाकर उलटवत, चुलीकडे तोंड करून. "तू खरंच बोलली ना."

"नाही आई."

"आयक. तुह्या बाबाची तेरवी झाली, अन् मी दुपारची झोपलो, तुले ध्यान असन. उठलो त आंग निरं हलकं झालतं. मले बरं वाटलं. मी तशीच पडून राह्यलो, कोनी पाहू नाई म्हनून. नवरा मेल्यावर बाईले बरं वाटते का वो?" भाकर करपायला लागली होती, तिने खाली उतरवली. "म्हटलं, थकलो होतो म्हनून वाटलं असन. मंग रोजच बरं वाटाले लागलं. सकाळी उठा, चाला, गरम खा. कोनी हाक मारत नाई, कोनी खोकलत नाई. नदीवर गेलो का मले गानं म्हनावं वाटे. अन् घरी येऊन फोटू पाह्यला का वाटे, पाप करून राह्यलो मी. कोनाले सांगू? मंग तू बोलली. मले वाटलं, हिले समजलं. हिच्या बापाच्या मरनावर मी पोसून राह्यलो, हे हिले समजलं."

मी तिच्याजवळ सरकले. चुलीचा धूर दोघींच्या डोळ्यांत जात होता. ती थकली होती, तिने सेवा केली होती, तिचा हक्क होता, असं सगळं सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण ते ऐकून तिचं काही हललं नसतं. मग माझ्या तोंडून वेगळंच निघालं. जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

"आई, बाबा गेल्याचा निरोप आला ना, तेव्हा मी धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. मला पहिलं काय वाटलं सांगू? रडू नाही आलं. मला वाटलं, आता आई मोकळी झाली. आता तिला पोरांसाठी आणता येईल. ते पहिलं वाटलं. रडू मागून आलं."

तिने ओरडावं, निदान तोंड फिरवावं, असं मला वाटत होतं. तिने विचारलं, "तवा लायना किती महिन्याचा व्हता?"

"चार-पाच असेल."

"रात्री उठे?"

"दर दोन तासांनी."

"मंग वाटनच," ती म्हणाली. एवढंच. मग तिने दुसरी भाकर तव्यावर टाकली.

मी तिला तेच म्हणायला हवं होतं, आठ वर्षं न झोपलेल्या बाईला बरं वाटणारच. मी म्हणालेही. ती हसली थोडी, पण तिला ते पटलं असं मला दिसलं नाही. तिने मला जे दोन शब्दांत दिलं ते मला तिला देता आलं नाही. त्या दिवशी ती माझ्यासोबत जेवली मात्र. अर्धी भाकर.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही मुलांना घेऊन पुलगावलाच राहिले. सकाळी उठून म्हटलं, "चल, मला नदी दाखव." ती नको म्हणाली. मी मुलांना काकूंकडे सोपवून चपला घालून दारात उभी राहिले, तेव्हा नाइलाजाने निघाली. तीही चपला घालूनच. फाटकापर्यंत गेलो तर तिची टाच दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी मी पाटावर चढून बूट खाली काढले, त्यावरची धूळ झटकली आणि तिच्यासमोर ठेवले. ती म्हणाली, "तुले लाज वाटते ना?" मी म्हटलं, "वाटायची." तिने नाड्या बांधल्या. वाकून नाड्या बांधताना तिला त्रास होत नव्हता. मलाच बाळंतपणानंतर वाकता येत नसे नीट.

आम्ही पुलापर्यंत गेलो. मी तिशीतली आणि ती साठीला टेकलेली, पण धाप मला लागली. ती माझ्यासाठी हळू चालत होती हे मला उशिरा कळलं. काठावर दगडावर बसलो. धुकं होतं, पलीकडच्या काठावरून बैलगाडी पाण्यात उतरत होती. ती म्हणाली, "तू सोताकडे पाहात जाय थोडं. माह्यावानी करू नको. मले मोकळं व्हाले कोनी मरावं लागलं."

हे वाक्य तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मला त्याचा अर्थ घरी पोहोचल्यावर लागला.

पुढे काकूही तिच्यासोबत जायला लागल्या. त्यांचे गुडघे धरलेले. फाटकापर्यंत जायच्या, तिथल्या कडुनिंबाखाली बसायच्या आणि आई परतली की तिच्याबरोबर यायच्या. त्यांनी बूट काही घेतले नाहीत, पण हसणंही बंद केलं.

आईने आपला शब्द पाळला. धाकटा पाच वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. मी निरोप पाठवायच्या आतच ती पिशवी घेऊन दारात हजर. कोणाकडून कळलं होतं देव जाणे. महिनाभर राहिली. त्याच्याजवळ बसून उसाचा रस पाजी, गोष्टी सांगी. मी रात्री जागायला बसले की म्हणे, "आर्धी रात तू, आर्धी मी. सारी रात कोनीच नाई बसाचं." सकाळी ह्यांच्यावर त्याला सोपवून स्टेशनपर्यंत चालून येई. दुपारी झोपे. त्या महिन्यात मीही दुपारी झोपायला शिकले, निदान रविवारी. मुलगा शाळेत जायला लागला त्या आठवड्यात ती परत गेली. मी म्हटलं नाही, राहा म्हणून. म्हणावंसं वाटत होतं. तिला ते कळत होतं. दोघींनीही विषय काढला नाही.

त्यानंतर बरीच वर्षं तिची तब्येत चांगली राहिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, एका दुपारी शाळा सुटल्यावर मी बाहेर आले तर फाटकाजवळ आई बसलेली. ती सकाळच्या गाडीने वर्ध्याला आली होती, दवाखान्यात रांगेत बसून डोळे तपासून घेतले होते, चष्म्याचा नंबर काढून आणला होता आणि मग शाळा सुटायची वाट बघत बसली होती. मी म्हटलं, "आई, मला सांगायचं. मी रजा टाकली असती."

"म्हनून त नाई सांगितलं," ती म्हणाली. "डाक्टर विचारे, सोबत कोन आहे? म्हटलं, मी आहो ना."

ती कौतुकाने सांगत होती. मी हसलेही. पण मला वाटलं, माझी रजा वाचवायची सवय तिला कुठून लागली? एका दुपारी मी जे बोलून आले होते तेव्हापासून तर नाही? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नाई वो. म्हणून मी विचारलं नाही.

ती गेली ती थोड्या दिवसांच्या तापाने. काकूंनी निरोप पाठवला तशी मी गेले. शेवटचे दोन दिवस मी तिच्याजवळ होते. तिला उठवून बसवलं, पाठीला आधार दिला, पेज भरवली. ती म्हणाली, "तू जेवली?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं असावं, कारण तिने पेजेची वाटी माझ्याकडे ढकलली.

अजूनही कोणी जुनं माणूस भेटलं की विचारतं, लेक वर्ध्याला असून तुमची आई एवढी वर्षं एकटी का राहिली? मी सांगते, तिला तेच आवडायचं, तिची तब्येत त्यानेच चांगली राहिली. हे सगळं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी सांगताना माझा आवाज खाली जातो, आणि समोरच्याला वाटतं की मी काहीतरी लपवतेय.